निन्या दे लोस पेइनेस ऐकताना कान कुठे ठेवायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही काही वर्षं ख्याल शिकताय. स्पॅनिश कवी लोर्काच्या 'दुएन्दे'वरच्या (गाण्यात येणाऱ्या झपाटलेपणावरच्या) व्याख्यानातली कादिझ शहरातल्या गुत्त्यातली गोष्ट वाचून भारावलात, आणि जिची ती गोष्ट त्या निन्या दे लोस पेइनेस या गायिकेची गाणी इंटरनेटवर शोधून ऐकलीत. निराशा झाली. आवाज चिरका, सगळी गाणी सारखी, आणि तीन मिनिटांत कारभार आटोपलेला. म्हणून विचारताय, की हिला फ्लामेंकोतली, म्हणजे दक्षिण स्पेनच्या त्या गाण्यातली, सर्वांत मोठी गायिका का म्हणतात? ती पहिली बाई होती म्हणून, की लोर्काने लिहिलं म्हणून?

मी जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या डिजिटल करण्याचं काम करते. सुरुवात नाट्यगीतांपासून आणि ख्यालापासून झाली, स्पॅनिश तबकड्या पुढे एका संग्राहकामुळे हातात आल्या आणि मग सुटल्या नाहीत. त्यामुळे माझं उत्तर यंत्रापासून सुरू होणार, ते सहन करा. तुमच्या तक्रारीत मला तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात: तबकडी कशी वाजवली गेली, तुमचा कान कशाची वाट पाहतोय, आणि लोर्काच्या गोष्टीने तुम्हाला काय शोधायला लावलं. ती आवडेल की नाही हे मी सांगू शकत नाही. तिच्या कुठल्या दशकातलं गाणं तुमच्या वाट्याला आलं यावर ते बरंच अवलंबून आहे.

आधी चिरकेपणा. पास्तोरा पावोन क्रूझ, म्हणजे आपली निन्या दे लोस पेइनेस, १८९० साली सेव्हिलमध्ये जन्मली. पहिली ध्वनिमुद्रणं विशीच्या आसपासची, झोनोफोनसाठी. हे नाव आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवरही दिसतं. शेवटची १९५०च्या सुमाराची. म्हणजे चाळीस वर्षांचा पल्ला, २५०हून जास्त गाणी. यातली पहिली पंधरा वर्षं भोंग्यात तोंड घालून गाण्याची. मायक्रोफोन नाही, वीज नाही, आवाजाच्या जोरावर सुई हलणार आणि मेणात रेघ उमटणार. साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही त्या भोंग्यातून पोचतच नाही, आणि खालचा खर्जही जातो. मधला जो पट्टा उरतो त्यात बाईचा आवाज पत्र्यासारखाच वाजतो. त्यात पास्तोराचा काही दोष नाही.

त्यावर वेगाचा घोळ. '७८' हे नाव नंतर पक्कं झालं. भोंग्याच्या काळातल्या तबकड्या ७२, ७४, ७६, कधी ८०च्याही वर, अशा कशाही कापलेल्या असतात. ७४ फेऱ्यांची तबकडी कोणी डोळे मिटून ७८ला वाजवली, की काळी एकमधलं गाणं जवळजवळ पांढरी दोनमध्ये जातं, लय वाढते, आणि स्वरांचे उच्चार लहान मुलासारखे होतात. आपल्या जुन्या तबकड्यांनाही हाच रोग आहे. तंबोरा नीट ऐकू येत नसेल तर तिथे आम्ही चाचपडत बसतो. फ्लामेंकोत मात्र गिटार असते, आणि तिचा उपयोग होतो. वादक बहुतेक वेळा दोनच जागांहून वाजवतो, 'मी' (E) सुराच्या पकडीतून किंवा 'ला' (A) सुराच्या पकडीतून, आणि गायकाच्या पट्टीप्रमाणे कापो, म्हणजे तारांवर बसवायचा चिमटा, वर-खाली सरकवतो. मोकळ्या तारांची आस ऐकू आली की पकड ओळखता येते. कापो किती वर चढू शकतो याला हाताची मर्यादा आहे. त्यावरून वेग किती असावा याचा दोन-तीन पर्यायांपर्यंत अंदाज येतो, मग कानाने ठरवायचं. गिटार त्या दिवशी नेमकी कुठल्या सुराला लावली होती हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं, त्यामुळे शेवटी हा अंदाजच.

आणखी एक गुन्हेगार म्हणजे खरखर काढण्याचं सॉफ्टवेअर. ते सढळ हाताने वापरलं की सुईच्या आवाजाबरोबर गायिकेचा श्वास, ओळीच्या शेवटची घरघर, 'आय' या आर्त हाकेतली फाटलेली कड सगळं पुसलं जातं. उरतो तो गुळगुळीत पत्रा. तुम्ही ऐकलेली फाइल अशीच असण्याची शक्यता मला दाट वाटते. खरखर असलेली प्रत मिळाली तर ती घ्या. कान दहा मिनिटांत खरखर मागे टाकायला शिकतो, पण पुसलेला श्वास परत आणता येत नाही.

आता तुमचा कान. ख्याल शिकलेल्या माणसाला फ्लामेंको लवकर जवळचं वाटतं, आणि पंचाईत तिथेच होते. सूर ओळखीचे लागतात: कोमल रिषभ, कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद, म्हणजे सरळ भैरवी. पण मुक्कामाला येताना गिटार शुद्ध गंधाराचा कॉर्ड लावते, आणि गाणारीही कधी त्या गंधारावर जाते, तेव्हा वसंतमुखारी रागाचा भास होतो. आपण लगेच राग शोधायला लागतो, बढत कधी होणार म्हणून वाट पाहतो. बढत होत नाही. तीन-चार ओळींचं एक कडवं होतं, संपतं, गिटार बोलते, दुसरं कडवं येतं आणि त्याची चालही कदाचित वेगळी असते. तुम्हाला 'सगळं सारखं' वाटलं ते यामुळे, असा माझा कयास आहे. विस्तार दिसेना म्हणून तुम्ही ऐकणं सोडून दिलंत, आणि फरक होता तो कडव्याकडव्यात होता.

सोलेआ हा गाण्याचा प्रकार घ्या. बारा मात्रांचं आवर्तन, याला ते कोम्पास म्हणतात. एकतालही बाराचा, पण इथे वजन ३, ६, ८, १० आणि १२ वर पडतं. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन असा चालतो. आपला कान एकवर सम शोधतो आणि इथे एक म्हणजे जवळजवळ रिकामी जागा. सोलेआत ओळ मिटते ती दहावर. अकरा-बारावर गिटार दार लावून घेते. हे एकदा हाताने टाळी देत मोजा. त्याशिवाय पास्तोराचं मोठेपण कळणार नाही, कारण ते मुख्यतः याच जागी आहे. ओळ ती मात्रेवर धरून म्हणत नाही. थोडी मागे रेंगाळते, तुम्हाला वाटतं आता चुकली, आणि शब्दाचा शेवट बरोबर दहावर उतरतो. बुलेरिया या प्रकाराचा कोम्पास हाच, पण लय दुप्पट-तिप्पट, आणि त्यात ती हेच करते, हसत हसत. तांगोस चार मात्रांचे, तिथे तिची पकड आणखी सहज दिसते. माझ्या मते ताल अंगात असलेला ख्यालाचा विद्यार्थी तिच्यापाशी सुरातून पोचत नाही, तालातून पोचतो. मालागेन्या, तारांता या प्रकारांत कोम्पासच नसतो. ते मोकळे, आलापासारखे वाटतात आणि आपल्याला चटकन भावतात, म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. मी तसं सुचवत नाही. तिथे तिच्याइतकाच, कदाचित तिच्याहून मोठा, गायक आंतोनिओ चाकोन आहे.

आता 'पहिली बाई म्हणून का?' नाही. तिच्याआधी बायका गात होत्याच, आणि साध्यासुध्या नव्हत्या. उत्रेरात राहिलेल्या ला सेर्नेताच्या सोलेआच्या चाली आजही गायल्या जातात. मालागाच्या ला त्रिनीच्या नावाची मालागेन्या आहे. ला पार्राला होती. पण यांतल्या कुणाचाच आवाज आपल्यापर्यंत पोचलेला नाही. चाली पोचल्या त्या पुढच्यांच्या गळ्यातून, आणि त्या पुढच्यांमध्ये पास्तोराचं नाव वर आहे. सेर्नेताच्या सोलेआ आपण ऐकतो त्या बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

तिचं नवेपण मला दोन ठिकाणी दिसतं. एक, पसारा. त्या काळी गाणाऱ्याला दोन-तीन प्रकारांत नाव मिळायचं, आणि बाई असेल तर तांगोस, बुलेरिया, आलेग्रिया अशा नाचऱ्या गोष्टी तिच्या मानल्या जायच्या. सिगिरिया, म्हणजे सगळ्यांत जड आणि कोरडं दुःख, पुरुषांचं समजलं जाई. पास्तोराने सिगिरिया गायली, सोलेआ गायली, ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात साएता ही भक्तिगीतं गायली, आणि त्याच गळ्याने गारोतीन आणि सेव्हियानास हे नाचरे प्रकारही गायले. पेतेनेरा हा प्रकार अपशकुनी म्हणून कितीतरी कलाकार आजही टाळतात. तिने तो विस्तारून असा काही मांडला, की नंतरच्यांना तिच्याच वाटेने जावं लागलं. झोपाळ्यावर म्हणायच्या लोकगीतांपासून तिने बांबेरा बांधली. ती आता फ्लामेंकोचा मान्य प्रकार आहे. त्या काळची नाट्यगृहांतली लोकप्रिय गाणी उचलून ती बुलेरियात बसवायची, आणि लोर्काने जमवलेली लोकगीतंही तिने बुलेरियात घेतली. शुद्धतेचे पहारेकरी यावर नाक मुरडत. मुरडोत.

दुसरं म्हणजे ती पेशाने गाणारी होती, लहानपणापासून. सेव्हिलच्या जत्रेतल्या तंबूत भाऊ आर्तुरोच्या जागी आठव्या वर्षी ती गायली, असं सांगतात. जिप्सी घर, गरिबी, शाळा नाही. लिहिता-वाचता तिला कधीच आलं नाही. 'कंगव्यांची पोर' हे नाव पडलं ते ती गात असलेल्या तांगोसच्या एका कडव्यावरून. त्यात 'माझ्या कंगव्यांनी केस विंचर' असं काहीसं आहे. पुढे गाण्याची कॅफे, मग नाट्यगृहं, मग १९२०च्या दशकापासून 'ओपेरा फ्लामेंका' नावाचे जंगी कार्यक्रम, अगदी बैलांच्या झुंजीच्या रिंगणातसुद्धा. नावात ऑपेरा का, तर ऑपेराला करमणूक कर कमी होता. हा तपशील मला फार आवडतो, कारण कला कशी जगते ते यात दिसतं. मायक्रोफोनशिवाय त्या रिंगणात आवाज पोचवायचा असेल तर गळा कसा लावावा लागत असेल याचा विचार करा, आणि मग पुन्हा 'चिरका' या शब्दाकडे या.

तिच्या घरातच एक तुलना तयार आहे. धाकटा भाऊ तोमास पावोन. सिगिरिया आणि सोलेआत काही जाणकार त्याला बहिणीच्याही वर ठेवतात, आणि मी त्यांच्याशी भांडायला जाणार नाही. पण तोमासला रंगमंच नकोसा होता, अनोळखी माणसांसमोर गाणं नकोसं होतं. त्याची ध्वनिमुद्रणं मोजकीच आहेत. घर तेच, कानावर पडलेलं तेच, पण एकाचं गाणं मूठभर तबकड्यांत राहिलं आणि दुसरीचं अख्ख्या परंपरेची वही झालं. तो फरक प्रतिभेचा नाही. पास्तोरा रोज कामावर गेली.

यामुळेच लोर्काच्या गोष्टीबद्दल मला थोडं बोलायचंय. १९३३ साली बुएनोस आयरेसमध्ये दिलेल्या त्या व्याख्यानात तो सांगतो: पास्तोरा कादिझच्या एका गुत्त्यात गात होती, आवाजाशी खेळत होती, पण ऐकणारे ढिम्म. एक बुटका माणूस हळूच कुत्सितपणे म्हणाला, 'पॅरिस चिरायू होवो!' म्हणजे आम्हाला इथे कसब नको, दुसरं काही हवंय. मग ती वेड्यासारखी उठली, जळजळीत दारूचा मोठा पेला एका दमात रिचवला, आणि होरपळलेल्या गळ्याने, आवाज नाही, श्वास नाही, सूरछटा नाहीत, अशी गायली. दुएन्दे आला.

गोष्ट सुंदर आहे. पण लोर्का कवी होता, व्याख्यान देत होता, आणि त्याला एक मुद्दा सिद्ध करायचा होता. तीच गोष्ट जरा सावकाश वाचली तर त्याआधी तिच्या आवाजाचं वर्णन येतं, वितळलेल्या कथलाचा आणि शेवाळलेला असा, आणि तिची गोयाशी तुलनाही येते. टाकून द्यायला आधी हातात काही असावं लागतं, हे लोर्काला ठाऊक होतं. वाचणाऱ्यांच्या लक्षात फक्त दारूचा पेला राहतो. मग माणसं तबकडीत तो क्षण शोधतात. स्टुडिओत, सकाळी, भोंग्यासमोर, तीन मिनिटांची मर्यादा आणि समोर कंपनीचा माणूस, अशा जागी दुएन्दे शोधायला गेलं की निराशाच. तबकडीत जे सापडतं ते तिचं कसब. माझ्या लेखी ते कमी मोलाचं नाही.

आणि एक गंमत. लोर्का आणि संगीतकार मान्युएल दे फाया यांनी १९२२च्या जूनमध्ये ग्रानादाच्या आलाम्ब्रा राजवाड्यात कान्ते होन्दोची, म्हणजे खोल, जुन्या गाण्याची स्पर्धा भरवली. नियम असा, की एकवीस वर्षांवरच्या व्यावसायिक गायकांना भाग घेता येणार नाही. व्यवसायाने गाणं बिघडलं, खरं गाणं खेड्यात अजून शिल्लक असेल, अशी त्यांची समजूत होती. बक्षीस मिळवणाऱ्यांत एक म्हातारा, दिएगो बेर्मुदेझ, आणि एक पोरगा, जो पुढे मानोलो काराकोल म्हणून गाजला, आणि अर्थात व्यावसायिकच झाला. पास्तोरा, चाकोन, मान्युएल तोर्रे ही पेशेवर मंडळी तिथे मानाने बोलावलेली होती, स्पर्धेत मात्र नव्हती. ज्या गाण्याच्या शोधात ते खेड्यांकडे पाहत होते ते या निमंत्रितांच्या गळ्यात सुरक्षित होतं, त्यांनी ते रोजीरोटीसाठी वापरून जिवंत ठेवलं होतं. आपल्याकडेही घराण्यांची, बैठकीच्या गाणाऱ्या बायकांची चर्चा करताना 'पैसे घेऊन गायल्या' याचा बाऊ करणारे भेटतात, त्यांना मी हाच प्रसंग सांगते.

उरलेलं आयुष्य थोडक्यात सांगते. १९३०च्या दशकात तिने गायक पेपे पिंतोशी लग्न केलं. स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर ती हळूहळू रंगमंचावरून दूर झाली, १९४९च्या सुमारास नवऱ्याबरोबर पुन्हा एक कार्यक्रम काढून पाहिला, तो फारसा चालला नाही. त्यानंतर सेव्हिलच्या ला काम्पाना चौकातला पिंतोचा बार, तिथे ती बसलेली असायची. १९६८ साली तिचा पुतळा आलामेदा दे एर्कुलेसच्या मोकळ्या जागेत, तिच्या जुन्या मोहल्ल्यात, ती हयात असतानाच उभा राहिला. १९६९च्या शरदात आधी पिंतो गेला, काही आठवड्यांनी, नोव्हेंबरमध्ये, ती. १९९०च्या दशकात आंदालुसिया या दक्षिण स्पेनमधल्या प्रांताच्या सरकारने तिचा ध्वनिमुद्रित आवाज संरक्षित सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केला. वास्तू किंवा चित्र नव्हे, आवाज.

तर सुरुवात कुठून? १९२०च्या दशकाच्या अखेरीपासूनची, विजेवर झालेली ध्वनिमुद्रणं आधी घ्या. पहिले तांगोस, कारण चार मात्रांत तुम्ही हरवणार नाही. मग बुलेरिया, टाळी देत, बारा मोजत, ओळ कुठे उतरते एवढंच पाहत. मग सोलेआ, पण एका वेळी एकच तबकडी, आणि प्रत्येक कडव्याची चाल गुणगुणता येईपर्यंत पुढे जायचं नाही. एका बाजूत चारच कडवी असतात, फार वेळ लागत नाही. तिथे पोचलात की पेतेनेरा ऐका. भोंग्याच्या काळातली सर्वांत शेवटी, तोवर गळा ओळखीचा झालेला असेल आणि पत्र्यामागून तो ऐकू येईल. मधेच तोमासची एखादी सिगिरिया घ्या, फरक कळेल. आणि ते गाणं आज कुठे पोचलं ते पाहायचं असेल तर गायिका कार्मेन लिनारेस ऐका. स्त्रियांच्या गाण्याची सगळी परंपरा तिने १९९६च्या संचात फिरून गायली आहे.

तुम्ही ऐकलेल्या फाइलवर गिटारवादकाचं नाव असेल तर कळवा. मेल्चोर दे मार्चेना असेल तर तो तिचा अखेरचा काळ. निन्यो रिकार्दो असेल तर बहुतेक विजेवरचंच ध्वनिमुद्रण, आणि मग चिरकेपणाचा दोष प्रत काढणाऱ्याचा. रामोन मोंतोया असेल तर बहुधा भोंगा, त्यात वेगही तपासावा लागेल. फाइल पाठवलीत तर मी कापोच्या हिशेबाने तो लावून देईन.